बॉक्सरने वेट मारावं का? कर्वेनगरच्या या जिममध्ये तीन महिने काढून लिहितेय

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कशाचा कापला ते पुढे येईलच.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे हा रिव्ह्यू कोणाच्या कामाचा ते कळेल. चार वर्षं बॉक्सिंग करतेय, ५७ किलो गटात खेळते, दिवसा ऑफिस आणि संध्याकाळी पेठेतल्या सरांचा क्लब. ज्यांना नुसतं बारीक व्हायचंय किंवा बॉडी बनवायचीय त्यांनी दुसरे रिव्ह्यू वाचा. मी लिहितेय ते माझ्यासारख्यांसाठी, ज्यांना वेट ट्रेनिंग करायचंय पण सर नको म्हणतात.

आमचे सरही नकोच म्हणायचे. "अगं वेट मारू नकोस, हात जड होतील, अंग बांधलं जाईल." पुण्यात ग्लोव्ह घातलेल्या प्रत्येकाने हे ऐकलेलं असणार. आणि सरांचं म्हणणं उगाच नव्हतं, क्लबमध्ये मी स्वतः बघितलंय की मुलं सकाळी चेस्ट मारून संध्याकाळी स्पारिंगला (जोडीदाराशी सरावाची लढत) यायची, खांदे इतके भरून आलेले असायचे की दुसऱ्या राउंडलाच गार्ड (चेहरा वाचवायला वर धरलेले हात) हनुवटीच्या खाली. माझाही अनुभव तसाच. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या जिममध्ये सहा महिने पैसे भरले, तिथे सगळ्यांना एकच चार्ट, सोमवारी चेस्ट मंगळवारी बॅक, बारा-पंधरा रेप्सचे (म्हणजे सलग तितक्या वेळा उचलायचं) चार-चार सेट, मी बॉक्सर आहे हे तीनदा सांगून पण ट्रेनरने चार्ट बदलला नाही. वजन दोन किलो वाढलं, उजवा खांदा दुखायला लागला आणि पंच होता तिथेच. मग मीही ठरवून टाकलं की सर बरोबर आहेत.

पण मला एक गोष्ट खटकायची. सर स्वतः लहानपणी तालमीत वाढलेले, पहाटे उठून जोर, बैठका, मुद्गल, जोडी सगळं केलेलं. आता मुद्गल म्हणजे तरी काय, वजनच ना? खांद्यावरून फिरवताना पाठ, मनगट, कंबर सगळं लागतं. शुक्रवारातल्या चिंचेच्या तालमीसारख्या जुन्या तालमी ज्या शहरात आहेत तिथे ताकद कमावण्याला कोणी कधी नाही म्हटलेलं नाहीये. लोखंडाचा बार आला की मात्र आपण घाबरतो.

तर या जिममध्ये मी एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून गेले. पुण्यात बॉक्सिंगला जागा नाही असं नाही, मुंढव्याला आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, बालेवाडीत २००८ च्या कॉमनवेल्थ यूथ गेम्सचं बॉक्सिंग झालंय. पण नोकरी करून खेळणाऱ्या मुलीला बॉक्सिंग समजणारा स्ट्रेंथ कोच शोधायला गेलं की पंचाईत होते. इथल्या कोच ताईंनी पहिल्या दिवशी मला वजन उचलायलाच दिलं नाही. वही काढली आणि विचारलं स्पारिंग कोणत्या वारी असतं, पुढची मॅच कधी, वजन किती ठेवायचंय, खांदा कुठे दुखतो. मला तिथेच बरं वाटलं.

मग त्यांनी दोन किलोचे डंबेल हातात दिले आणि शॅडो (समोर कोणी नसताना हवेत पंच मारणं) करायला सांगितलं, जे आपण सगळेच कधी ना कधी करतो. एक मिनिटात खांद्याचा पुढचा भाग पेटला. त्या म्हणाल्या, "आता सांग, डंबेल तुझा हात कुठे ओढतोय?" खाली. "आणि पंच कुठे जातो?" समोर. एवढंच. वजन खाली ओढतं म्हणून खांदा फक्त हात वर धरून ठेवायला राबतो, समोर जाणाऱ्या फटक्याला त्यातून काही मिळत नाही, उलट जॅबची (पुढच्या हाताच्या सरळ पंचची) लाइन बिघडते. चार वर्षं मी हे करत होते! त्याऐवजी त्यांनी लँडमाइन प्रेस दिलं, बारचं एक टोक कोपऱ्यात टेकवलेलं आणि दुसरं टोक एका हाताने तिरकं पुढे-वर ढकलायचं, मागचा पाय रेटून. पहिल्याच सेटला कळलं की हे अंग ओळखतंय.

फटका हातातून येत नाही हे सर पण रोज सांगतात. मागचा पाय जमीन रेटतो, कंबर फिरते, खांदा येतो आणि मूठ सगळ्यात शेवटी. ताईंचं म्हणणं, मग रेटणारा पायच कमजोर असेल तर पुढे काय जाणार? म्हणून इथे भर पायांवर आणि पाठीवर आहे. स्क्वॉट, ट्रॅप बार डेडलिफ्ट (षटकोनी बारच्या आत उभं राहून वजन जमिनीवरून उचलायचं), पुल-अप, रो (वजन अंगाकडे ओढायचं). पाठ का, तर मारलेला हात परत गार्डला आणणारी पाठच असते आणि हात उशिरा आला की काउंटर (समोरच्याचा उलट पंच) बसतोच. मानेचं पण काम घेतात, टॉवेल कपाळाला लावून त्या ओढतात आणि आपण हनुवटी खाली दाबून मान हलू द्यायची नाही, दिसायला साधं आहे पण दुसऱ्या दिवशी मान वळवताना आठवण येते.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मेडिसिन बॉल. तीन किलोचा बॉल, बाजूला भिंत, स्टान्स (बॉक्सिंगचा पवित्रा) घेऊन कमरेतून फेकायचा. ताई भिंतीकडे बघतच नाहीत, पाठ करून उभ्या राहतात आणि आवाज ऐकतात. टाच वळली नाही तर आवाज येतो थप्प, वळली तर धाडकन. "टाच राहिली" असं त्या न बघता सांगायच्या आणि दर वेळी ते बरोबर असायचं.

आता वजन वाढण्याचा मुद्दा, कारण गटात खेळणाऱ्यांना हीच भीती असते. मी सरांना अमेरिकन बॉक्सर इव्हँडर होलीफील्डचं उदाहरण दिलं होतं. क्रूझरवेटचा (हेवीवेटच्या खालचा गट) चॅम्पियन, हेवीवेटमध्ये जाताना आठ वेळा मिस्टर ऑलिंपिया झालेल्या बॉडीबिल्डर ली हेनीबरोबर वेट्स केले आणि ऑक्टोबर १९९० मध्ये २०८ पौंडांचा असताना २४६ पौंडांच्या बस्टर डग्लसला तिसऱ्या राउंडमध्ये झोपवलं. सर शांतपणे म्हणाले, "अगं, त्याला वजन वाढवायचं होतं. तुला वाढवायचंय का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते ताईंकडे मिळालं. दहा-बारा रेप्सचे भरपूर सेट आणि वर भरपूर खाणं, यातून मसल वाढतो. तीन ते पाच रेप्स, वजन जड, सेट मोजके आणि मध्ये तीन मिनिटं विश्रांती (म्हणजे आपला एक पूर्ण राउंड बसून राहायचं, मला सुरुवातीला लाज वाटायची), यात आहे तोच मसल जास्त जोर लावायला शिकतो. माझे आकडे देते, स्क्वॉट ३५ वरून ६० किलो, तीन रेप्स. ट्रॅप बार ८०. अंगाचं वजन ५८.१ होतं ते ५८.४, म्हणजे मॅचच्या आधी नेहमीइतकंच कमी करायला लागलं.

एक चूक माझ्याकडून झाली ती पण सांगते. आठवड्यातून दोनच दिवस आणि स्पारिंगच्या आदल्या दिवशी पाय अजिबात नाहीत, असं वहीत स्पष्ट लिहिलेलं असताना पाचव्या आठवड्यात मी शुक्रवारी रात्री हौसेने स्क्वॉट मारले. शनिवारी स्पारिंगला पाय लाकडासारखे, मागे सरकायला गेले आणि सरकताच आलं नाही, सरळ उजवा नाकावर बसला. सर काही बोलले नाहीत, नुसतं "काल काय केलंस?" विचारलं. जड स्क्वॉटचं दुखणं दोन-दोन दिवस राहतं, त्यामुळे हे वेळापत्रक पाळणं वजन उचलण्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि कोच तुमच्या स्पारिंगचे वार विचारत नसेल तर तिथे पैसे भरू नका.

दोन महिन्यांनी एकदा पॅड मारताना सरांनी माझा क्रॉस (मागच्या हाताचा सरळ पंच) दोनदा घेतला, हात झटकला आणि पोराला म्हणाले आतले जाड पॅड आण. मला मात्र खरा फरक क्लिंचमध्ये (दोघी एकमेकींना धरून अडकतो तेव्हा) जाणवला. उंच मुलगी अंगावर रेलली की आधी मी तिसऱ्या राउंडला मागे-मागे जात दोरीला टेकायचे, आता पाय रोवून उभी राहते आणि वळून बाहेर येते.

पण दम वेट्सने येत नाही, तो रनिंग, स्किपिंग आणि राउंड खेळूनच येतो. टायमिंग पण नाही येत. ज्यांचा स्टान्सच अजून बसलेला नाही त्यांनी सहा महिने आधी सरांकडेच घालवावेत असं मला मनापासून वाटतं. पंधरा-सोळा वर्षांची मुलं पण इथे येतात, त्यांना ताई बरेच दिवस रिकाम्या बारवर ठेवतात आणि उंची खुंटेल म्हणून घाबरलेल्या आईबाबांना बसवून नीट समजावतात की कोणी लक्ष ठेवून नीट करून घेत असेल तर तसं काही होत नाही.

आता अर्धा स्टार. ट्रॅप बार एकच आहे आणि संध्याकाळच्या बॅचला आम्ही सहा जण, थांबायला लागतं आणि अंग गार होतं. मुलींची चेंजिंग रूम म्हणजे एक कपाट आणि पडदा, याकडे त्यांनी खरंच लक्ष द्यावं. मे महिन्यात पत्र्याखाली भयंकर उकडतं. फी तीन महिन्यांची एकदम, साडेनऊ हजार, महिन्याची सोय नाही, विद्यार्थ्यांना ते जड जातं. गाडी बाहेर गल्लीत लावावी लागते.

सकाळची साडेसहाची बॅच घेतलीत तर बार मोकळा मिळतो. जाताना स्पारिंगचे वार आणि मॅचची तारीख लिहून न्या, ताई त्या तारखेपासून उलटं मोजून वही भरतात आणि शेवटच्या आठवड्यात जवळजवळ काहीच उचलू देत नाहीत. माझी मॅच पुढच्या महिन्यात आहे, मी पुढचे तीन महिने भरून आलेय.