नीट काउन्सेलिंगचं पेड पॅक: जानेवारी ते नोव्हेंबर वापरल्यावर, गोव्यातून

आधीच सांगतो, अ‍ॅपचं नाव घालत नाही. नीट म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, काउन्सेलिंग म्हणजे त्यानंतर फेऱ्याफेऱ्यांनी सीटा वाटणं, त्यासाठीचं हे पॅक बहिणीसाठी घेतलं होतं, जानेवारी २०२५ ला, अर्ली बर्ड ऑफर म्हणून, साडेतीन हजार गेले. मी वेर्णाला शिफ्टमध्ये, बाबांना मोबाईलवर फॉर्म बघायचं म्हटलं की चष्मा शोधण्यातच अर्धा तास, म्हणून म्हटलं कोणीतरी मार्ग दाखवणारा असलेला बरा. पॅकमध्ये रँक प्रेडिक्टर, कॉलेज प्रेडिक्टर, चॉइस लिस्ट बनवायचं टूल, व्हॉट्सअ‍ॅपवर अलर्ट आणि एक 'पर्सनल काउन्सेलर'. हा काउन्सेलर दर वेळी वेगळा असायचा ते सोडा.

परीक्षा ४ मेला झाली. फिजिक्सने सगळ्यांना रडवलं, आमची बाहेर आली तीच तोंड पाडून. मग आन्सर की आल्यावर मार्क जुळवले आणि प्रेडिक्टरमध्ये टाकले, तर लाल पट्टी, 'गव्हर्नमेंट एमबीबीएस: व्हेरी लो'. घरात त्या दिवशी कोणी धड जेवलं नाही. आता गंमत अशी की प्रेडिक्टर मार्कांवरून रँक काढत होता आणि त्यासाठी २०२४ चा डेटा वापरत होता. २०२४ ला ७२० पैकी ७२० वाले इतके निघाले की देशभर बोंब झाली, आणि २०२५ ला पहिला आला तोच ६८६ वर! दोन वर्षांची तुलनाच होत नाही. १४ जूनला खरा निकाल लागला तर तिचा रँक प्रेडिक्टरने सांगितलेल्यापेक्षा कितीतरी वर. त्यानंतर त्यांनी गुपचूप डेटा बदलला, लाल पट्टीची पिवळी झाली, पण मधले ते दिवस कोण भरून देणार? पेपर अवघड गेलाय हे अख्ख्या देशाला माहीत होतं, अ‍ॅपवर एक ओळ टाकायला काय जात होतं, 'यंदा मार्कांवर जाऊ नका, रँक येऊ द्या'. पण मग त्या काळात पॅक कोण घेणार, असो.

आता मुख्य मुद्दा, गोव्यातल्यांनी नीट वाचा. ही पॅकं मोठ्या राज्यांसाठी बनवलेली असतात. महाराष्ट्रात डझनांनी कॉलेजं, मागच्या वर्षांचे कटऑफ, फेऱ्या, प्रेडिक्टरला चघळायला भरपूर माल. आपल्याकडे एमबीबीएस म्हणजे बांबोळीचं जीएमसी, गोवा मेडिकल कॉलेज, संपलं. १५ टक्के सीटा ऑल इंडियाला, त्या दिल्लीची एमसीसी (मेडिकल काउन्सेलिंग कमिटी) भरते, बाकीच्या आपल्या राज्याच्या यादीतून, अर्ज पर्वरीच्या डीटीईकडे, म्हणजे तंत्रशिक्षण संचालनालयाकडे. त्या यादीत तुमच्या पुढे कोण आहे आणि त्यातला कोण बाहेर जाणार यावर सगळं ठरतं, आणि हे कुठलंच अ‍ॅप सांगू शकत नाही. काउन्सेलरला फोन केला तर तो मला महाराष्ट्राच्या सीईटी सेलच्या तारखा सांगायला लागला. मी म्हटलं अहो आम्ही फोंड्याचे, तर म्हणतो "हो सर, कोकण रीजन ना?" काय बोलणार.

याच माणसाने अजून एक सांगितलं, की दोन फेऱ्यांनंतर ऑल इंडियाच्या रिकाम्या सीटा राज्याला परत येतात, तेव्हा गोव्यात चान्स वाढेल. सावंतवाडीच्या आत्याचं पण तेच मत. आत्याचं एकवेळ चालेल, तिच्या ओळखीतले पूर्वी असेच लागले असतील, पण पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याला हे माहीत नको? २०२१ पासून त्या सीटा परत येतच नाहीत, उरल्यासुरल्या सीटांच्या शेवटच्या 'स्ट्रे' फेरीपर्यंत एमसीसीच भरते. आत्याचा दुसरा आग्रह ओरोसचा, "जवळ आहे, तिथे घाल की तिला". तिथल्या सिंधुदुर्गच्या सरकारी कॉलेजची महाराष्ट्राच्या वाट्याची सीट आपल्याला नाही, ऑल इंडियातूनच जावं लागतं, हे तिला समजावता समजावता माझा घसा बसला.

चांगलं काय ते पण लिहितो, नाहीतर म्हणाल नुसता राग काढतोय. अलर्ट एक नंबर. यंदा एमसीसीच्या तारखा इतक्या पुढे-मागे झाल्या की साईट रिफ्रेश करून वेड लागलं असतं, नोटीस पडली की थोड्या वेळात मेसेज यायचा, नाईट शिफ्टला मला तेवढाच आधार. चॉइस लिस्टचं टूल पण छान, कॉलेजं बोटाने वर-खाली करता येतात आणि बाजूला फी, बॉन्ड दिसतो. महाराष्ट्रात सरकारी एमबीबीएसनंतर एक वर्ष सेवा, नाहीतर १० लाख, हे आम्हाला तिथेच कळलं आणि मग बाबांनी शांतपणे बसून लिस्टचा क्रम ठरवला. ऑल इंडियाचे रजिस्ट्रेशनचे १००० आणि डिपॉझिट १०,००० जनरलला, डिपॉझिट कुठल्या फेरीत बुडतं आणि कुठल्या नाही याचा तक्ता तर प्रिंट काढून फ्रिजवर लावला होता. पहिल्या फेरीत सीट सोडली तर काही जात नाही, दुसरीपासून सांभाळून, हे एवढं जरी पोराला कळलं तरी खूप.

वाट बघण्याचं मात्र कोणतंच पॅक काही करू शकत नाही. डीटीईच्या पहिल्या फेरीत तिला गोवा डेंटल मिळालं, तेही बांबोळीलाच. घेतलं आणि पुढच्या फेरीकडे डोळे लावून बसलो. मध्येच चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. मूळ घरी सगळं गोत जमलेलं, माटोळीला (गणपतीच्या वर टांगतो ती फळांची चौकट) सुपारीचे घड आणि कवंडळं बांधता बांधता जो तो विचारतोय, "गो बाय, मेडिकलचं काय झालं?" ती शिडी धरून उभी, वर बघूनच "अजून फेरी आहे" म्हणायची. पाचव्या-सहाव्या माणसानंतर काकीनेच सगळ्यांना झापलं, "दाताचा पण डॉक्टरच असतो, आधी हे नारळ बांधा." त्या दिवसांत अ‍ॅप रोज पाठवत होतं, 'स्टे पॉझिटिव्ह', सूर्योदयाच्या फोटोवर. बहिणीने ते नोटिफिकेशन बंदच करून टाकलं.

शेवटी यादीतल्या वरच्या काहींनी बाहेरची कॉलेजं धरली, जागा सरकल्या आणि तिला जीएमसी मिळालं. प्रेडिक्टर त्या सकाळपर्यंत 'मॉडरेट' म्हणत होता.

तर पाचपैकी अडीच स्टार, त्यातले दोन अलर्ट आणि तक्त्याला. घ्यायचंच असेल तर जानेवारीत ऑफरला भुलू नका, निकालानंतर घ्या, आणि ऑल इंडियातून बाहेर जायचा खरंच विचार असेल तरच. फक्त गोव्याच्या सीटवर डोळा असेल तर डीटीईचं प्रॉस्पेक्टस पहिल्या पानापासून वाचा, मामलेदाराकडचा रहिवासी दाखला वेळेत काढून ठेवा आणि मागच्या वर्षी लागलेल्या एखाद्या पोराला चहा पाजा, जास्त कळेल. नोव्हेंबरात पणजीत जीएमसीच्या जुन्या इमारतीत इफ्फीची, त्या फिल्म फेस्टिव्हलची, गर्दी सुरू झाली तेव्हा इकडे एमसीसीची शेवटची फेरी चाललेलीच होती, तोपर्यंत पॅक चालू राहील का ते विकत घेतानाच विचारून घ्या. आमचं संपलं, पण मेसेज येतायत, आता एमबीबीएसनंतरच्या नीट पीजीचं पॅक घ्या म्हणून. तिचं अजून पहिलं डिसेक्शन धड झालेलं नाही.