आठ आउटपुट, एक अडॅप्टर आणि माझे 64,300

तीन आठवडे हे लिहायचं टाळत होतो. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. पण मला बोर्ड विकून फसवणाऱ्या माणसाने परत जाहिरात टाकलेली दिसली आणि राहवलं नाही. बेस गिटारसाठी तयार पेडलबोर्ड (आवाज बदलणारी छोटी यंत्रं, म्हणजे पेडल, एका फळीवर जोडलेली) घेणार असाल तर पूर्ण वाचा, सेकंडहँड घेणार असाल तर नक्कीच वाचा.

आधी रक्कम सांगतो, कारण घरीही मी खरी सांगितली नव्हती. 15,000 टोकन, 41,800 माल निघण्याआधी, आणि 7,500 पॅच केबल, पॅकिंग आणि इन्शुरन्सचे. एकूण 64,300. घरी मी 42,000 सांगितले होते. शिवाय नंतर बोर्ड उघडून तपासायला टेक्निशियनला 2,200 दिले ते वेगळेच.

मी काही नवखा नाही. सहा वर्षं बेस वाजवतोय, पण आजवर गिटार, केबल आणि अँप एवढंच होतं. पेडलबोर्ड हा वेगळा विषय आहे, त्यात अर्धं काम वाजवण्याचं आणि अर्धं विजेचं असतं आणि ते दुसरं अर्धं मला येत नव्हतं. म्हणूनच तर जमवून दिलेला बोर्ड शोधत होतो. माहिती नाही म्हणून जाणकाराकडे गेलो, यात माझं काय चुकलं?

आणि तो माणूस जाणकारच वाटत होता हो. पहिल्याच फोनला त्याने विचारलं, बेस पॅसिव्ह आहे की ॲक्टिव्ह (आत बॅटरीवरचं सर्किट असलेला), चार तारा की पाच. मग म्हणाला, "सर, पाच तारांची असेल तर लो बी साधारण 31 हर्ट्झला असते, गिटारसाठी बनवलेला ड्राइव्ह लावलात तर खालचा सगळा आवाज पातळ होईल, क्लीन ब्लेंडचा नॉब असलेलाच घ्या." हे शंभर टक्के बरोबर आहे. (ड्राइव्ह म्हणजे आवाज खरखरीत करणारं पेडल, क्लीन ब्लेंड म्हणजे त्यात मूळ स्वच्छ आवाज मिसळणं.) क्रमही त्याने बरोबर सांगितला, ट्यूनर, ऑक्टेव्हर (स्वराच्या जोडीला खालच्या सप्तकातला स्वर देणारं), कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारं), ड्राइव्ह, डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारं) आणि शेवटी प्रीॲम्प-डीआय (सिग्नल साउंड सिस्टीमला द्यायचा डबा). ऑक्टेव्हर कॉम्प्रेसरच्या आधी का, तर त्याला तारेचा सिग्नल जितका कोरा मिळेल तितकं तो स्वर नीट पकडतो, हेसुद्धा त्याने समजावलं. दहा गोष्टी खऱ्या सांगणाऱ्याची अकरावी कोण तपासतो?

जाहिरातीतल्या बोर्डच्या फोटोबद्दल आता सांगतोच, कारण तो मी रोज रात्री उघडून बघतो. बोर्डच्या खाली पॉवर सप्लायचा डबा, त्यावर छापलेलं: 8 आयसोलेटेड (विजेने एकमेकांपासून वेगळे) आउटपुट, 9 व्होल्ट, प्रत्येकी 500 मिलीअँप. आणि त्याच फोटोच्या कोपऱ्यात त्या डब्याला वीज देणारा काळा अडॅप्टर, त्याचं लेबल झूम केलं की स्पष्ट वाचता येतं: 9 व्होल्ट, 1 अँप. बस. इथेच सगळं होतं. आठ गुणिले 500 म्हणजे 4 अँप, 9 व्होल्टवर 36 वॅट. आणि आत जातायत 9 गुणिले 1, म्हणजे 9 वॅट. 9 वॅट घेऊन 36 वॅट देणारा डबा या जगात कुणी बनवू शकत नाही. शाळेतलं गणित आहे. मी तो फोटो झूम केला होता, लेबल वाचलंही होतं, आणि मनात आलं होतं की अडॅप्टर जरा लहान वाटतोय, आणि मी विचारलं नाही कारण मूर्ख दिसायला नको होतं. त्या एका प्रश्नाचे मी 64,300 भरले.

बोर्ड आला. घरी ट्यूनर आणि कॉम्प्रेसर चालू केले, छान. ड्राइव्ह लावला तर मागे घरघर सुरू. डिले लावला तर घरघरीवर एक बारीक शिट्टी, वाजवत नसताना जास्त ऐकू येणारी. आणि त्याच्या डेमो व्हिडिओत प्रत्येक शेवटचा स्वर संपायच्या आत कट होता, हे मला तेव्हा आठवलं. डेमो मागाल तर पेडल चालू ठेवून तारांवर हात ठेवलेले दहा सेकंद मागा, वाजवलेलं नको.

त्याला फोन केला तर म्हणाला, "सर, नवीन वायरिंग आहे, आठवडाभर चालू ठेवा, सेट होईल." वायरिंग सेट वगैरे काही होत नसतं. पण परत करायची मुदत सात दिवसांची होती आणि त्याचा तो आठवडा बरोबर आठव्या दिवशी संपला. अकराव्या दिवसापासून फोन बंद.

ऑक्टेव्हरची गोष्ट ऐका. जाहिरातीत बॉसचा जुना ओसी-2 होता, 1982 साली आलेलं मॉडेल, आता बनत नाही, म्हणून त्याचा भाव वेगळा धरला होता. माझ्याकडे आला त्याच्या तळाचा सिरीयल नंबर फोटोतल्या नंबरशी जुळत नाही. एक ऑक्टेव्ह खालचा आवाज येतो, दोन ऑक्टेव्ह खालचा येतच नाही. यावर त्याचं उत्तर, "हे पेडल एका वेळी एकच स्वर पकडतं आणि अगदी खालच्या स्वरांवर गडबडतंच." हेही खरं आहे! म्हणून मी गप्प बसलो. पण जी तारेच्या बाराव्या फ्रेटवर तर गडबडायचं कारण नव्हतं ना, तिथेही दुसरा ऑक्टेव्ह शून्य. खऱ्या दोषाआड खोटा माल लपवायची ही पद्धत मला सगळ्यात जास्त लागली.

पहिल्याच कार्यक्रमात साउंडवाल्या दादाने साउंडचेकलाच सांगितलं, तुझ्या लाइनमुळे सगळी सिस्टीम घरघरतेय, थेट गिटार लाव. सगळ्यांसमोर सहा पेडल बाजूला सारून एक केबल लावून वाजवलं. बँडमधल्यांना मी आठवडाभर या बोर्डचं कौतुक ऐकवलं होतं.

टेक्निशियनने डबा उघडला. आत आठ सॉकेट एकाच जोडतारेवर समांतर. आयसोलेशनचं काही नाही, साधी डेझी चेन, फक्त डब्यात लपवलेली. डेझी चेन वाईटच असते असं नाही, तीन-चार ॲनालॉग पेडल प्रत्येकी 10-20 मिलीअँपवाले असतील तर चालून जातं. पण माझा डिले एकटा 300 खातो आणि त्याचा डिजिटल कचरा त्याच तारेतून ड्राइव्हमध्ये शिरतो, वर पॅच केबलने आधीच ग्राउंड जोडलेलं असताना सप्लायमधून दुसरा रस्ता मिळाला की ग्राउंड लूप, म्हणजे घरघर, झालाच. प्रीॲम्प-डीआय त्याने स्वतः बनवलेला म्हणून जास्त पैसे लावले होते, त्याच्या एक्सएलआरमध्ये (तीन पिनांच्या आउटपुट सॉकेटमध्ये) फक्त पिन 1 आणि 2 ला तारा लावलेल्या, 3 मोकळी. म्हणजे बाहेरचा गोंगाट रद्द करणारी बॅलन्स्ड लाइन फक्त नावाला.

हे घरी तपासता येतं, मला आधी कुणी सांगितलं असतं तर! सप्लाय प्लगमधून काढा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड असेल तर बीप देणाऱ्या सेटिंगवर) लावा, दोन वेगवेगळ्या आउटपुटच्या निगेटिव्हना टोकं लावा. बीप वाजला तर ते आउटपुट आयसोलेटेड नाहीत, विषय संपला. मल्टिमीटर नसेल तर ज्या पेडलवर घरघर येते ते एकटं 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालवा, घरघर गेली तर दोष सप्लायचा.

आता तक्रारीचं. ज्या साइटवर जाहिरात होती त्यांनी सांगितलं, पैसे आमच्यामार्फत दिले नाहीत त्यामुळे आमची जबाबदारी नाही. त्याने दोन टक्के वाचवायचं आमिष दाखवून थेट खात्यावर घेतले होते, ही चूक माझी, मान्य. पण त्याची जाहिरात तरी काढा! ती काढायलाही तयार नाहीत. बँकेत गेलो, तिथे म्हणाले व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय. अहो मीच केलाय, फसवून करून घेतलाय, फसवणूक अशीच होते ना? दुसऱ्या खिडकीवर पाठवलं, तिथून फॉर्म भरायला, फॉर्ममध्ये पर्याय कुठले, तर कार्ड चोरी, पिन चोरी आणि इतर. इतर निवडलं तर चार दिवसांनी एका ओळीचं उत्तर, तक्रार निकाली.

पोलिसांकडे पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी होते, त्यांनी विचारलं, "वस्तू मिळाली का?" मिळाली म्हटलं. "मग फसवणूक कसली, दिवाणी मामला आहे." मी डब्याचा फोटो दाखवला, 36 वॅटचं गणित सांगितलं, सिरीयल नंबर दाखवले. बाजूला बसलेल्याने विचारलं हे वाजवायचं यंत्र आहे का, आवाज येतोय ना? येतोय, म्हणूनच तर आलोय! विटा भरलेलं खोकं आलं असतं तर लगेच नोंद झाली असती, असं त्यांनीच सांगितलं. म्हणजे चोराने थोडा खरा माल दिला की तो चोर राहत नाही. तिसऱ्या फेरीला अर्ज घेतला, पोच दिली, पुढे काही नाही. मी कामाचे पाच दिवस घालवले यात.

पैसे देण्याआधी पेडलच्या तळाच्या, सिरीयल नंबरच्या प्लेटचा फोटो मागा आणि त्याच फोटोत हाताने लिहिलेली आजची तारीख ठेवायला सांगा. फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघा, माझ्या ऑक्टेव्हरचा फोटो एका जुन्या परदेशी जाहिरातीतला निघाला. प्रत्येक पेडलचे मिलीअँप कागदावर लिहून बेरीज करा. मुदतीच्या आत लेखी तक्रार टाका, फोनवर बोलत बसू नका, माझ्याकडे त्याच्या "आठवडाभर थांबा"चा एकही लेखी पुरावा नाही. सगळा बोर्ड एकदम घेऊच नका, दोन पेडल घ्या, वाजवा, मग तिसरं.

आता मी ट्यूनर आणि कॉम्प्रेसर एवढंच वापरतो. नव्या जाहिरातीत नाव वेगळं आहे, पण डबा तोच, आठ आउटपुटवाला, आणि कोपऱ्यात तोच काळा अडॅप्टर. अर्ज घेणारे म्हणाले होते की एकट्याच्या तक्रारीवर हालचाल होत नाही, आणखी कोणी असतील तर घेऊन या. असा डबा तुमच्याकडे आला असेल तर उघडा, आतल्या वायरिंगचा फोटो काढा आणि मला कळवा. लाज वाटत असेल तर नाव सांगू नका, फोटो आणि रक्कम तेवढी पाठवा.