वापरलेला प्रोकर्व्ह २६१० आणि जीव्हीआरपी : वागळे इस्टेटमधील तीन मजल्यांचा अनुभव

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचे छपाई आणि पॅकेजिंगचे तीन मजली युनिट आहे. तळमजला, पहिला आणि दुसरा मजला या प्रत्येक ठिकाणच्या रॅकमध्ये गेल्या पावसाळ्यापासून एचपीच्या प्रोकर्व्ह २६१० मालिकेतील चोवीस पोर्टचा एकेक स्विच (संगणक, फोन, कॅमेरे यांना एका जाळ्यात जोडणारे उपकरण) काम करीत आहे. हे तिन्ही स्विच नवे नाहीत. ऐरोलीतील एका बंद झालेल्या कार्यालयातून उतरवलेला हा माल एका जुन्या सामानाच्या विक्रेत्याकडून आम्ही घेतला. चोवीस पोर्ट १०/१०० मेगाबिटचे, त्यांच्या जोडीला दोन गिगाबिट तांब्याचे आणि दोन मिनी-जीबिकच्या (मुख्यतः फायबर जोडणीसाठीच्या) खाचा, ही रचना आमच्या गरजेला पुरेशी होती. पण निवड झाली ती वेगाकडे पाहून नव्हे. व्हीलॅनची, म्हणजे एकाच जाळ्याच्या पाडलेल्या क्रमांकित आभासी भागांची, नोंदणी स्विचांनी आपापसांत करावी, म्हणजे जीव्हीआरपी चालावे, आणि ते काय करीत आहे हे पडद्यावर स्पष्ट दिसावे, अशी आमची अट होती. हे परीक्षण मुख्यतः त्याच एका सुविधेचे आहे.

आमच्याकडे कार्यालयासाठी १०, छपाई यंत्रांसाठी २०, फोनसाठी ३०, कॅमेऱ्यांसाठी ४० आणि पाहुण्यांसाठी ५० असे पाच व्हीलॅन आहेत. पूर्वी एखादा व्हीलॅन वरच्या मजल्यावर न्यायचा म्हणजे वाटेतल्या प्रत्येक स्विचवर तो तयार करायचा आणि दोन्ही बाजूंच्या अपलिंकवर (स्विचांना एकमेकांशी जोडणाऱ्या पोर्टवर) टॅग करायचा, म्हणजे तिथून त्याची रहदारी क्रमांकासह जाऊ द्यायची. एका ठिकाणी विसर पडला की अर्धा दिवस केबल तपासण्यात जात असे. जीव्हीआरपी हे काम हलके करते. आयईईई ८०२.१क्यू या मानकाच्या १९९८ च्या आवृत्तीपासून ते त्या मानकाचा भाग होते. प्रत्येक स्विच आपल्याकडे कोणते व्हीलॅन आहेत हे ०१-८०-सी२-००-००-२१ या ठरावीक मल्टिकास्ट (अनेकांसाठी एकत्र असलेल्या) पत्त्यावर जाहीर करतो, आणि ज्या पोर्टवर ही जाहिरात येते ते पोर्ट ऐकणारा स्विच त्या व्हीलॅनचे टॅग्ड सभासद करून घेतो. व्हीलॅनचे नाव यातून जात नाही, केवळ क्रमांक जातो. त्यामुळे आमच्या पहिल्या मजल्यावरच्या स्विचला ४० क्रमांकाचे ‘कॅमेरा’ हे नाव ठाऊकच नसते. तो स्वतःच जीव्हीआरपी_४० असे नाव लावतो. सुरुवातीला हे विचित्र वाटले. आता मात्र यादीतून नजर फिरवताना कोणता व्हीलॅन हाताने बनवलेला आहे आणि कोणता शिकलेला आहे हे याच नावावरून ओळखण्याची सवय झाली आहे.

मांडणी सोपी आहे. कॉन्फिगरेशनच्या पातळीवर ‘जीव्हीआरपी’ एवढा एकच शब्द टाइप केला की सुविधा सुरू होते, आणि त्याच क्षणी स्थिर, म्हणजे हाताने बनवलेल्या, व्हीलॅनमध्ये ज्या पोर्टांपुढे ‘नो’ असे, तिथे ‘ऑटो’ दिसू लागते. त्याआधी ‘मॅक्स-व्हीलॅन्स’ची मर्यादा जरूर पाहावी. शिकलेले व्हीलॅनही त्याच मर्यादेत मोजले जातात, आणि मर्यादा बदलल्यास ती लागू होण्यासाठी स्विच पुन्हा सुरू करावा लागतो. छपाई चालू असताना ते करता येत नाही, म्हणून आम्ही ते काम साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी उरकले.

या सुविधेचा स्वभाव आम्हाला खऱ्या अर्थाने कळला तो दुसऱ्या मजल्यावर चार कॅमेरे बसवताना. रेकॉर्डर तळमजल्यावर आहे आणि व्हीलॅन ४० तिथल्या स्विचवर हाताने बनवलेला आहे. माझे सहकारी दुसऱ्या मजल्यावरच्या रॅकपाशी होते. त्यांनी ‘शो व्हीलॅन्स’ चालवले, यादीत जीव्हीआरपी_४० दिसला, आणि वाट तयार आहे असे गृहीत धरून ते कॅमेऱ्यांच्या जोडणीला लागणार होते. मी पहिल्या मजल्यावर शिडीवर उभा राहून कन्सोलची केबल लावली आणि ‘शो व्हीलॅन्स ४०’ पाहिले, तर तिथे फक्त खालून येणारे २५ क्रमांकाचे पोर्ट होते. वर जाणाऱ्या २६ क्रमांकाचा पत्ताच नव्हता. बिघाड काहीच नव्हता. जाहिरात ज्या पोर्टवर ऐकू येते तेवढेच पोर्ट सभासद होते. ज्या पोर्टमधून ती पुढे पाठवली जाते ते होत नाही. दुसऱ्या मजल्यावर व्हीलॅन ४० ची गरज असलेले एकही पोर्ट नव्हते, त्यामुळे तो स्विच खाली उलट जाहिरात करीत नव्हता, आणि मधल्या स्विचने त्याच्याकडे या व्हीलॅनची रहदारी न पाठवणे हेच योग्य होते.

फोनवर मी त्यांना ‘स्टॅटिक-व्हीलॅन ४०’ द्यायला सांगितले. या आज्ञेने शिकलेला व्हीलॅन स्थिर होतो, परंतु पोर्ट त्यात हाताने जोडावे लागतात. त्यांनी चार पोर्ट अनटॅग्ड केले आणि अपलिंक टॅग्ड केले. मी ‘शो व्हीलॅन्स ४०’ पुन्हा चालवले, तर २५ च्या खाली २६ ची ओळ उमटली होती आणि दोघांपुढेही मोडच्या रकान्यात ‘ऑटो’ होते. “सर, रेकॉर्डरवर चित्र आलं,” असा तळमजल्यावरून निरोप आला, तेव्हा मी शिडीवरून उतरलोही नव्हतो. मधल्या स्विचवर आम्ही एक अक्षरही लिहिले नव्हते. व्हीलॅनची जाहिरात दोन्ही टोकांकडून यावी लागते, ही गोष्ट मी पुस्तकात वाचलेली होती. त्या दोन ओळी पाहिल्यावर ती पक्की बसली.

याच ठिकाणी हा स्विच मला इतरांपेक्षा सरस वाटतो. आम्ही आधी एका दुसऱ्या निर्मात्याचा स्वस्त स्विच आणून पाहिला होता. त्याच्या माहितीपत्रकावर जीव्हीआरपीचा उल्लेख ठळक होता आणि वेब पानावर सुरू-बंद करण्याची कळही होती. पण शिकलेला व्हीलॅन कोणता, तो कोणत्या पोर्टवर आला आणि कधी गेला, यांपैकी काहीही तो दाखवत नव्हता. नोंदणी होत नसताना दोष आमच्या मांडणीत आहे की त्याच्यात, हे ठरवायला लॅपटॉपवर टीसीपीडम्प (नेटवर्कवरची रहदारी पकडून दाखवणारा प्रोग्रॅम) लावून वर दिलेल्या मल्टिकास्ट पत्त्याच्या फ्रेम, म्हणजे संदेश, मोजाव्या लागल्या. ज्याची स्थिती दिसत नाही अशी स्वयंचलित सुविधा मी चालू ठेवत नाही, म्हणून तो स्विच आम्ही परत केला. प्रोकर्व्हवर ‘शो जीव्हीआरपी’ म्हटले की प्रत्येक पोर्टपुढे अनोळखी व्हीलॅनबाबतचे धोरण आणि जॉइन (सामील होणे), लीव्ह (बाहेर पडणे), लीव्हऑल (सर्वांची नोंद नव्याने मागणे) यांचे तीन कालावधी सेंटिसेकंदांत (सेकंदाच्या शंभराव्या भागांत) दिसतात. मानकातील मूळ मूल्ये २०, ६० आणि १००० आहेत. वेगवेगळ्या निर्मात्यांचे स्विच एकत्र जोडणाऱ्यांनी हे तीन रकाने प्रत्येक स्विचवर पडताळून एकसारखे करावेत. एका बाजूची लीव्हची वेळ फार कमी असेल, तर एखादी जाहिरात वाटेत हरवल्याबरोबर पोर्ट व्हीलॅनमधून बाहेर पडते आणि पुढच्या जाहिरातीला परत येते, आणि हा खेळ वापरणाऱ्याला केवळ ‘नेटवर्क अडखळते’ एवढाच कळतो.

आता गंभीर बाब. जीव्हीआरपीमध्ये जाहिरात करणाऱ्याची ओळख पटवण्याची कोणतीही सोय नाही. जो बोलतो त्याचे ऐकले जाते. सुविधा सुरू केल्यावर सगळीच पोर्ट ‘लर्न’, म्हणजे ऐकून शिकण्याच्या, स्थितीत असतात, आणि पहिले काही आठवडे मी ती तशीच राहू दिली, ही माझी चूक होती. एका यंत्राच्या देखभालीसाठी आलेल्या अभियंत्यांनी आपला लिनक्स लॅपटॉप पहिल्या मजल्यावरच्या १४ क्रमांकाच्या पोर्टला जोडला. त्यांच्या चाचणीच्या मांडणीत २०० क्रमांकाचा व्हीलॅन जीव्हीआरपी चालू ठेवून बनवलेला होता. लिनक्समध्ये व्हीलॅनचा इंटरफेस बनवताना हा पर्याय देता येतो. काही क्षणांतच तिन्ही मजल्यांच्या यादीत जीव्हीआरपी_२०० अवतरला. त्या गृहस्थांचा हेतू स्वच्छ होता आणि नुकसान काही झाले नाही. पण २०० च्या जागी ४० असता, तर तेच पोर्ट कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनचे सभासद झाले असते, या विचाराने मी त्या दिवशी संध्याकाळी उशिरापर्यंत थांबून तिन्ही स्विचांवर १ ते २४ पोर्टांचे धोरण बदलले.

हे धोरण बदलताना ‘ब्लॉक’ आणि ‘डिसेबल’ यांतील फरक नीट समजून घ्यावा, कारण पहिला शब्द ऐकायला पुरेसा कडक वाटतो, पण तो पुरेसा नाही. ‘ब्लॉक’मुळे पोर्ट फक्त नव्या, म्हणजे स्विचवर स्थिर नसलेल्या व्हीलॅनमध्ये जाणे थांबते, स्थिर असलेल्या व्हीलॅनची जाहिरात आली तर ते ऐकले जाऊ शकते. ‘डिसेबल’ केल्यावर त्या पोर्टवर आलेली जाहिरात टाकूनच दिली जाते. माणसे, यंत्रे आणि कॅमेरे जिथे जोडले जातात ती सर्व पोर्ट ‘डिसेबल’ हवीत. ‘लर्न’ फक्त मजल्यांना जोडणाऱ्या २५ आणि २६ वर. पाहुण्यांचा ५० क्रमांकाचा व्हीलॅन यंत्रांच्या मजल्यावर कधीच जाऊ नये, यासाठी तळमजल्याच्या अपलिंकवर तो ‘फॉरबिड’ करून ठेवला आहे. ही सोय मला फार मोलाची वाटते.

शिकलेले व्हीलॅन स्विच बंद पडल्यावर स्मृतीत राहत नाहीत. आम्ही मुद्दाम पहिल्या मजल्याचा स्विच बंद करून चालू केला. स्पॅनिंग ट्री (जाळ्यात वेटोळे होऊ न देणारी व्यवस्था) स्थिरावल्यावर जाहिराती आल्या आणि ४० दोन्ही पोर्टांवर आपोआप परतला. तरीही ज्या व्हीलॅनला त्या स्विचवर आयपी पत्ता हवा आहे, तो स्थिरच असावा लागतो, कारण शिकलेल्या व्हीलॅनला पत्ता देता येत नाही. म्हणून स्विचांच्या व्यवस्थापनाचा व्हीलॅन आम्ही तिन्ही ठिकाणी हातानेच ठेवला आहे.

देखरेखीसाठी रोज कन्सोलवर बसणे शक्य नाही, म्हणून एसएनएमपीची (उपकरणांची स्थिती दुरून वाचण्याच्या प्रोटोकॉलची) मदत घेतली. क्यू-ब्रिज-एमआयबी हा तक्ता १९९९ च्या आरएफसी २६७४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची मालिका) मध्ये आणि नंतर २००६ च्या आरएफसी ४३६३ मध्ये दिलेला आहे. त्यात प्रत्येक व्हीलॅनपुढे त्याची स्थिती अंकाने नोंदलेली असते : २ म्हणजे कायमचा, ३ म्हणजे जीव्हीआरपीने शिकलेला. कार्यालयातील एका जुन्या संगणकावरची छोटी स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी तिन्ही स्विचांतून ही यादी वाचते आणि ३ असलेल्या ओळींची आधीच्या यादीशी तुलना करते. अनपेक्षित क्रमांक आला, किंवा पहिल्या मजल्यावरून ४० नाहीसा झाला, तर मला संदेश येतो. त्याच एमआयबीमध्ये प्रत्येक पोर्टवर किती नोंदण्या फसल्या आणि शेवटची जाहिरात कोणत्या मॅक पत्त्याकडून (उपकरणाच्या नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाकडून) आली, यांचीही जागा आहे. स्विच घेण्यापूर्वी विक्रेत्याकडे बसून या दोन रकान्यांत खरोखर मूल्ये भरली जातात का हे तपासून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. मॅक पत्ता मिळाला की लॅपटॉप शोधायला मजले पालथे घालावे लागत नाहीत.

सिस्कोच्या व्हीटीपीची सवय असलेल्यांना इथे वेगळेपण जाणवेल. व्हीटीपी त्या कंपनीचा स्वतःचा प्रोटोकॉल आहे आणि त्यात व्हीलॅनची संपूर्ण यादी आवृत्ती क्रमांकासह फिरते. त्याच डोमेन नावाचा पण वरच्या आवृत्ती क्रमांकाचा जुना स्विच जोडला गेला, तर पहिल्या दोन आवृत्त्यांत चालू यादी पुसली जाण्याचा धोका असतो. जीव्हीआरपीमध्ये अशी मध्यवर्ती यादीच नाही, त्यामुळे हाताने बनवलेला व्हीलॅन बाहेरच्या जाहिरातीने पुसला जात नाही. जुन्या सामानातून स्विच घेणाऱ्याला हा फरक महत्त्वाचा आहे.

आता या स्विचच्या मर्यादा. हा जुना माल आहे. नव्या सॉफ्टवेअरची अपेक्षा ठेवू नये, दुरून जोडणीसाठीचे उघडे टेलनेट बंद करून सांकेतिक एसएसएच सुरू करावे, आणि व्यवस्थापनाचा व्हीलॅन बाहेरच्या जगापासून दूर ठेवावा. शंभर मेगाबिटची पोर्ट मोठ्या फायली हाताळणाऱ्या डिझाइन विभागाला कमी पडतात, म्हणून तो विभाग आम्ही वेगळ्या गिगाबिट स्विचवर ठेवला आहे. मात्र सर्वांत मोठी अडचण पुढे येणार आहे. जीव्हीआरपीची जागा २००७ च्या आयईईई ८०२.१एके मधील एमव्हीआरपीने घेतली. तो प्रोटोकॉल एका बाइटमध्ये तीन व्हीलॅनच्या घटना बसवतो, त्यामुळे ४०९४ व्हीलॅनची जाहिरात एकाच फ्रेममध्ये मावते. पण फ्रेमची बांधणी पूर्णपणे वेगळी असल्याने जीव्हीआरपी आणि एमव्हीआरपी एकमेकांचे बोलणे समजत नाहीत. तळमजल्यासाठी नवा स्विच पाहताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो. तो फक्त एमव्हीआरपी जाणत असेल, तर एकतर तिन्ही मजल्यांचे स्विच एकाच सुट्टीत बदलावे लागतील, नाहीतर तळमजला आणि पहिला मजला यांच्यातील दुव्यावर पाहुण्यांचा सोडून बाकीचे चारही व्हीलॅन पूर्वीसारखे हाताने टॅग करून वरच्या दोन स्विचांपुरतेच जीव्हीआरपी चालू ठेवावे लागेल. दुसरा मार्ग कमी खर्चाचा आहे, आणि पहिला स्विच निकामी होईल तेव्हा आम्ही तोच धरणार आहोत.