जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणासाठी कडुनिंबाचे तेल: तीन महिन्यांचा अनुभव

गच्चीतल्या लाल जास्वंदीच्या कळ्यांच्या देठाशी कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागले आणि पानांवर किडीने सोडलेला गोड चिकटा साचून काळी काजळी धरली, तेव्हा जवळच्या रोपवाटिकेतून 1500 पीपीएम (दहा लाख भागांत 1500 भाग) अॅझाडिरॅक्टिन, म्हणजे कडुनिंबातला कीडनाशक घटक, असलेले कडुनिंबाचे तेल आणले. एक लिटर कोमट पाण्यात आधी चार-पाच थेंब भांड्यांचा द्रव साबण ढवळून मग पाच मिली तेल घातले, तर पाणी दुधाळ होते. साबणाशिवाय तेल वर तरंगते आणि फवारणी वाया जाते. ही महत्त्वाची सूचना बाटलीवर कोठेही छापलेली नव्हती, याचे मला वाईट वाटले.

झाडावरच्या मावा आणि पांढरी माशी या इतर किडी दोन फवारण्यांत आटोक्यात आल्या. पिठ्या ढेकूण मात्र चिवट आहे, कारण अंगावरच्या मेणचट आवरणामुळे औषध त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून जास्त किडलेले शेंडे कापून टाकले, उरलेले पुंजके दातांच्या जुन्या ब्रशने साबणाच्या पाण्यात घासले आणि मगच दर आठ दिवसांनी, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने फवारले. चिकट्यासाठी येणाऱ्या मुंग्या या किडीचे रक्षण करतात, त्यामुळे त्यांची वाट बंद करणेही तितकेच आवश्यक ठरले.

वास उग्र असून दोन दिवस टिकतो. तरीही पूजेसाठी रोज फुले तोडणाऱ्या घरात मी रासायनिक औषधाऐवजी हेच तेल पुन्हा घेईन, मात्र लहान बाटलीच.