शहरावरच तोफा रोखणारा किल्ला : बार्सिलोनाचा मोंजुईक

आपल्याकडे गड म्हटला की पायथ्याच्या वस्तीचा आधार, असेच चित्र डोळ्यांसमोर येते. बार्सिलोना बंदराच्या डोक्यावर, सुमारे १७३ मीटर उंचीच्या टेकडीवर उभ्या असलेल्या मोंजुईकच्या किल्ल्याने मात्र आपल्याच शहरावर तोफा डागल्या आहेत, आणि ही हकिकत ठाऊक करून घेऊनच तो पाहावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

१६४० मध्ये घाईघाईने उभारलेल्या लहानशा कोटाच्या जागी अठराव्या शतकात हुआन मार्टिन सेर्मेन्यो या लष्करी अभियंत्याने आजचा भक्कम किल्ला बांधला. ३ डिसेंबर १८४२ रोजी, शहरातील उठाव मोडून काढण्यासाठी, तेव्हा स्पेनचा कारभार पाहणारे जनरल एस्पार्तेरो यांच्या हुकमावरून याच तटावरून घराघरांवर गोळे पडले. पुढे येथे राजकीय कैदी डांबले गेले, आणि कातालोनिया या स्पेनमधील प्रांताचे अध्यक्ष युईस कुंपान्यस यांना १५ ऑक्टोबर १९४० रोजी येथल्याच खंदकात गोळ्या घालण्यात आल्या. पुलाखालच्या खंदकात आज नीट राखलेली बाग आहे. तिच्याकडे पाहताना पाऊल आपोआप मंदावते.

सजवलेली दालने पाहायची हौस असणाऱ्यांनी येथे फारशी अपेक्षा ठेवू नये. खरा ऐवज वरच्या गच्चीवर आहे. एका बाजूला कंटेनरच्या रांगा, क्रेन आणि पलीकडे भूमध्य समुद्र. वळून पाहिले की सारे शहर इतके जवळ आणि इतके उघडे दिसते की १८४२ सालच्या नागरिकांची असहायता वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मीटरची लांबी ठरवण्यासाठी फ्रान्समधील डंकर्क ते बार्सिलोना अशी मोजणी झाली, तेव्हा प्येर मेशँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १७९२-९३ च्या हिवाळ्यात ताऱ्यांचे वेध येथूनच घेतले होते. विज्ञानाची आवड असलेल्या मुलांना ही गोष्ट गच्चीवर उभे राहूनच सांगावी.

प्लासा देस्पान्या या चौकापासून १५० क्रमांकाची बस थेट दारापर्यंत जाते. केबल कारमधून बंदराचे दृश्य सुंदर दिसते, पण माझ्या मते वर जाताना ती घ्यावी आणि उतरताना बागांमधून पायी यावे. रविवारी दुपारी ३ नंतर प्रवेश विनामूल्य असतो. तटावर सावली कमी असल्याने उन्हाळ्यात मात्र ऊन उतरल्यावरच जावे.