वॉर्ड ऑफिसचं नवीन नागरी सुविधा केंद्र, आम्हा दोघांचा अनुभव: ५ पैकी अडीच स्टार

मला लहानपणी पोलिओ झाला, मी व्हीलचेअरवर असते. आमचे हे पूर्ण अंध. दोघं बाहेर पडलो की खुर्ची हे ढकलतात आणि रस्ता मी सांगते, थोडं डावीकडे घ्या, पुढे खड्डा आहे, थांबा. बावीस वर्षं असंच चाललंय आणि छान चाललंय. महापालिकेकडून दिव्यांगांना दरमहा जो भत्ता मिळतो त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो यंदा वॉर्ड ऑफिसच्या नव्या इमारतीतल्या सुविधा केंद्रात द्यायचा होता, आणि तिथे सगळं सुगम केलंय असं ऐकलं होतं म्हणून खरंच उत्साहाने गेलो.

आधी रॅम्पबद्दल, कारण माझ्यासाठी तिथेच सगळं ठरतं. रॅम्प आहे, स्टीलचा कठडाही आहे. पण इमारतीचं जोतं दीड फूट उंच आणि रॅम्प जेमतेम आठ फूट लांब. नियम एकास बाराचा आहे, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, त्या हिशोबाने इथे अठरा फूट पाहिजेत. मी अंदाजाने बोलत नाहीये, दुसऱ्या फेरीला टेप घेऊन गेले होते. एवढ्या उभ्या चढावर यांनी जोर लावला तरी खुर्ची पुढून उचलली जाते, मला पोटात धस्स होतं. आणि वर पोचलो की दाराशी दोन इंचाचा उंबरठा, पुढची छोटी चाकं त्याला अडकून खुर्ची जागच्या जागी थांबते. वॉचमनदादा धावत आले म्हणून आत गेलो, त्यांचे मनापासून आभार. पण मला कुणी उचलून आत न्यावं लागू नये यासाठीच तर रॅम्प बांधतात ना? शिवाय रॅम्पच्या तोंडाशी तीन स्कूटर लावलेल्या होत्या. गेटपासून पिवळ्या उठावदार टाइल्स टाकल्यात, उभ्या रेघा म्हणजे चालत राहा आणि गोल ठिपके म्हणजे थांबा, त्या टाइल्स धरून हे काठीने बरोबर चालत होते आणि त्याच पट्ट्यावर मधोमध कुंडी ठेवलेली. काठी कुंडीवर आपटली तेव्हा मी तरी सोबत होते. एकटा माणूस आला असता तर?

आता टोकनचं. हे नीट वाचा, कारण मला सगळ्यात जास्त हेच लागलं. गेल्या वर्षी जुन्या ऑफिसात शिपाई नंबर पुकारायचा. तेव्हा आमच्या शेजारी एक कर्णबधिर मुलगा बसला होता, त्याचा नंबर कधी येऊन गेला त्याला कळलंच नाही, जेवणाची सुट्टी झाली तरी तो दाराकडे बघत बसलेला, शेवटी त्याने मोबाईलवर टाइप करून मला विचारलं तेव्हा लक्षात आलं. यंदा मोठा स्क्रीन लावलाय, लाल आकडे लांबूनही स्वच्छ दिसतात, तो मुलगा आता आला तर त्याला काही अडचण येणार नाही. पण पुकारणं बंद केलं! मी झेरॉक्स काढायला बाहेर गेले तेवढ्यात यांचा नंबर लागला आणि गेला. म्हणजे एकाची सोय केली ती दुसऱ्याची काढून घेऊन. बँकेत स्क्रीनवर आकडा दिसतो आणि आवाजही येतो, मशीनमध्येच ती सोय असते, मग इथे स्पीकर का नाही जोडला?

काउंटर माझ्या कपाळाच्या उंचीला. काचेतल्या गोल भोकातून माझ्याशी बोलायला क्लार्कला उभं राहावं लागलं. एका खिडकीवर साहेब सारखं मलाच विचारत होते, "ताई, यांचं नाव काय? यांचं वय काय?" हे शांतपणे म्हणाले, "साहेब, मला विचारा ना, मला ऐकू येतं." मग अंगठा लावायला सांगितला. हे संगीताच्या शिकवण्या घेतात, सही स्वतः करतात, कागदावर पट्टी धरली की त्या रेषेवर सरळ येते. दहा मिनिटं वाद घालून सहीच केली, आणि बरं झालं केली.

चार नंबरच्या खिडकीवरच्या मॅडमबद्दल मात्र लिहिलंच पाहिजे. त्या उठून बाहेर आल्या, आमच्या शेजारी बाकावर बसल्या, यांना अख्खा फॉर्म वाचून दाखवला, सही कुठे करायची तिथे यांचं बोट नेऊन टेकवलं, तेही "हात धरू का?" असं आधी विचारून. पाच मिनिटांत काम झालं. अडीचपैकी दीड स्टार एकट्या त्यांचा आहे.

दिव्यांग कक्ष पहिल्या मजल्यावर आहे. लिफ्ट चालू होती, पण मजला सांगणारा आवाज नाही आणि ब्रेलची पट्टी उलटी चिकटवलीय, यांनी दोनदा बोट फिरवून बघितलं आणि मग मला म्हणाले, "अगं, हे खालचं वर लावलंय." दिव्यांगांच्या टॉयलेटला कुलूप, चावी आणवली तर आत झाडू, बादल्या आणि जुन्या फाइली. आणि दार आत उघडतं, म्हणजे सामान काढलं तरी खुर्ची आत घेतल्यावर दार लागणारच नाही. मी सकाळपासून पाणी प्यायले नव्हते, खुर्चीवरच्या बायका घराबाहेर पडताना पाणी पीत नाहीत ते याचमुळे.

ऑनलाइन करा म्हणाल, तर तेही करून पाहिलं. कॅप्चा, म्हणजे बघून टाइप करायची ती वेडीवाकडी अक्षरं, फक्त चित्रातला, ऐकायचा पर्याय नाही, आणि सूचनांची पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटो, त्यामुळे यांच्या फोनचा स्क्रीन रीडर त्यातलं एक अक्षर वाचत नाही.

हे सगळं मेहेरबानी म्हणून मागत नाहीये. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात सुगमतेचे नियम पाळल्याशिवाय इमारतीला पूर्णत्वाचा दाखला द्यायचाच नाही असं कलम ४४ मध्ये लिहिलंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं की हे निकष नुसते मार्गदर्शक नकोत, बंधनकारक करा. एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. दिव्यांगांसाठी ५ टक्के निधीही पालिकेने राखून ठेवायचाच असतो. इथे पैसा लागलाय हे दिसतंय, टाइल्स, स्क्रीन, लिफ्ट सगळं नवं कोरं आहे. फक्त काम करताना आमच्यातल्या कुणाला एकदा बोलावून "बाई, चढून बघा, बाबा, हात लावून बघा" एवढं विचारलं नाही. यांनी तर ब्रेलची पट्टी एका मिनिटात सरळ लावून दिली असती.

जाणार असाल तर अकराच्या आत जा, झेरॉक्स घरूनच न्या, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मूळ ठेवा, आणि चार नंबरच्या मॅडमना विचारा. स्पीकर, कुंडी, उंबरठा, टॉयलेटचं दार आणि रॅम्पची लांबी, अशा पाच गोष्टींचा लेखी अर्ज दिलाय, आवक शिक्क्याची प्रत माझ्याकडे आहे. कुंडी हलवायला तर टेंडर लागत नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात जाऊन आधी तीच बघणार आहे.