बँड सॉचा भुसा टेबलाखालीच धरला: उन्हाळा-पावसाळ्याच्या वापरानंतरचा अनुभव

घरच्या शेडमधल्या १४ इंची बँड सॉला (वर-खाली दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पट्ट्याची लाकूड चिरायची करवत) भुसा ओढायची जी व्यवस्था मी बसवली, तिच्यावरून आता एक अख्खा उन्हाळा आणि एक पावसाळा गेला. दिवाळीआधीची देव्हाऱ्यांची कामंही तिच्यावरच झाली, त्यामुळे आता तिच्याविषयी ठामपणे बोलता येतं. डस्ट कलेक्टर, म्हणजे पंख्याने भुसा ओढून पिशवीत भरणारं यंत्र, घ्यायला निघालेल्यांसाठी मुख्य गोष्ट आधीच सांगतो. मोठ्या मोटरीवर पैसे घालण्यापूर्वी टेबलाखाली, पट्टा लाकडातून बाहेर पडतो त्या जागी ओढणारं तोंड बसवा. माझ्याकडे खरा फरक तिथेच पडला.

मी लातूरला राहतो आणि माझं लाकूड बहुतेक जुनं सागवान. आमच्याकडचे वाडे, माळवदं (लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेली घरं) उतरवली जातात तेव्हा खांब, तुळया, किलच्या विकायला निघतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर माळवदाखाली झोपायची लोकांना धास्तीच बसली. तसली घरं पाडून स्लॅब टाकणं अजून चालू आहे. हे लाकूड मुरलेलं, सरळ रेषेचं, चिरताना अजून वास येणारं. पण त्याच्या भेगांत माळवदाची माती बसलेली असते, आणि तुळई उभी चिरायला घेतली की भुशाबरोबर तीही उडते. सागाच्या धुळीने अंगाला खाज सुटते हे कुठलाही मिस्त्री सांगेल. शिसमाचाही कित्येकांना त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ मध्येच माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकली आहे, मुख्यतः नाकाच्या कर्करोगामुळे. जमिनीवर दिसणारा जाड भुसा त्या मानाने निरुपद्रवी. उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसते ती बारीक पूड छातीत उतरते.

आता मशीनचं. बँड सॉचा पट्टा लाकडातून वरून खाली धावतो, मिनिटाला ९०० मीटरच्या आसपास. भुसा दातांच्या खाचांत बसून टेबलाखाली उतरतो, खालच्या गाईडवर (पट्टा सरळ धरणाऱ्या आधारावर) आदळतो आणि मग खालच्या चाकाच्या कप्प्यात पसरतो. कंपनीने दिलेलं नळीचं तोंड मात्र बहुतेक मशीनना त्या कप्प्याच्या तळाशी असतं. म्हणजे भुसा सगळीकडे पसरल्यावर त्याला ओढायचं. इथे हवेचा एक नियम आडवा येतो. फुंकलेली हवा लांब जाते, पण ओढणाऱ्या तोंडाची ताकद तोंडापुढेच संपते. चार इंची नळीच्या तोंडापासून चार इंच लांब गेलात, तर हवेचा वेग तोंडावरच्या वेगाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. दोन एचपीचा कलेक्टर आणला तरी हे गणित तेच राहतं. त्यामुळे तोंड भुशाजवळ नेणं हाच खरा उपाय.

माझ्याकडे एक एचपीचा, सिंगल फेजवर चालणारा साधा कलेक्टर आहे. त्याच्याआधी सायक्लोन, म्हणजे हवा गरगर फिरवून जड भुसा खाली पाडणारं नरसाळं, आणि खाली झाकणाचा पत्र्याचा ड्रम. शेतीच्या पाइपांच्या दुकानातून ११० मिमीचा पीव्हीसी पाइप आणला. आपल्याकडे पाइप, बेंड, वाय सगळं तालुक्याच्या गावीसुद्धा मिळतं, ही मोठी सोय आहे. मुख्य पाइप मशीनजवळ आला की वायमधून (Y आकाराच्या जोडातून) दोन फाटे निघतात: एक जुन्या तळाच्या तोंडाला, दुसरा ७५ मिमीचा टेबलाखाली. या दुसऱ्या पाइपचं टोक हीट गनने मऊ करून दाबून चपटं केलं आणि खालच्या गाईडच्या लगत, पट्ट्यापासून इंचभर अंतरावर बसवलं. प्लास्टिकचंच ठेवलं, म्हणजे पट्टा सरकून लागला तरी दात जाणार नाहीत. धरून ठेवायला जुन्या स्पीकरची चुंबकं लावली आहेत. टेबल ४५ अंशांत कलवायचं असेल किंवा पट्टा बदलायचा असेल तर तोंड हाताने ओढून काढतो, काम झालं की परत चिकटवतो. स्क्रूने पक्कं बसवलं असतं तर दर वेळी पाना शोधावा लागला असता.

तोंडाइतकंच महत्त्वाचं दुसरं काम म्हणजे टेबलाखालून पट्टा चाकाच्या कप्प्यात शिरतो ते भोक बुजवणं. ६ मिमी प्लायचे दोन तुकडे घेऊन मध्ये पट्ट्यापुरतीच फट ठेवली. खालच्या चाकाच्या टायरला (चाकावरच्या रबरी पट्टीला) टेकेल असा नायलॉनचा ब्रश लावला. आधी टायरवर भुशाची खपली धरायची, पट्टा चाकावर पुढे-मागे सरकायचा आणि चिरलेली फळी एका टोकाला जाड, एका टोकाला बारीक यायची. आता टायर स्वच्छ राहतो आणि पातळ फळ्या सारख्या जाडीच्या निघतात. भुसा आवरायला गेलो आणि काप सुधारला, ही या सगळ्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

टेबलाच्या मधल्या चकतीविषयी थोडं. पट्ट्याला घट्ट बसणारी लाकडी चकती केली की कापाची खालची कड छान येते, पण वरून हवा खाली जायला वाट उरत नाही, आणि हवाच गेली नाही तर भुसा कशाबरोबर जाणार? म्हणून चकतीत पट्ट्याच्या आजूबाजूने भोकं पाडली. चाकाच्या कप्प्याचंही तसंच. दार अगदी हवाबंद केलं तर कलेक्टर नुसता घोंघावतो. तळाच्या फाट्यावर सरकतं गेट आहे, ते मी अर्धं बंद ठेवतो म्हणजे टेबलाखाली जोर राहतो.

लवचिक नळी जितकी कमी तितकं बरं. आतल्या कड्यांमुळे तिच्यात हवा फार अडते. माझ्याकडे ती फक्त मशीनजवळ हातभर आहे, बाकी सगळा गुळगुळीत पीव्हीसी आणि कोपऱ्यावर मोठ्या गोलाईचे बेंड.

कलेक्टर आणि त्याची पिशवी मी शेडच्या बाहेर, मागच्या भिंतीला पत्र्याच्या आडोशाखाली ठेवली. थंड देशांत लोक हे टाळतात, कारण खोलीतली गरम केलेली हवा बाहेर जाते. आपल्याला मराठवाड्यात ती काळजी नाही, खिडक्या बहुतेक वर्षभर उघड्याच असतात. पिशवीच्या विणीतून सुटणारी बारीक पूड बाहेरच राहते, आवाज निम्म्यावर येतो आणि शेडमधली हवाही खेळती राहते. बायकोची एकच अट होती: पिशवीचा रोख गच्चीकडे नको, कारण चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरड्या-पापडांचं वाळवण असतं. तिचं म्हणणं रास्तच होतं. पिशवी मागच्या लिंबाच्या झाडाकडे वळवली आणि वाळवण असेल त्या दिवशी तुळया चिरायच्या नाहीत असं ठरलं. शेजार खेटून असेल तर बाहेर पिशवी न ठेवता चांगला कार्ट्रिज फिल्टर (पिशवीच्या जागी बसणारा, बारीक पूडही धरणारा) घेणंच योग्य.

उन्हाळ्यात पीव्हीसीने त्रास दिला. एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी असते की पाइपला हात लागला की स्थिर विजेचा चटका बसायचा. पाइपभोवती उघडी तांब्याची तार गुंडाळून ती मशीनच्या अर्थिंगला जोडली, तेव्हापासून चटके थांबले. संध्याकाळी घरोघरी कूलर लागले की व्होल्टेज उतरतं. दोन्ही मोटरी एकदम सुरू केल्या तर एमसीबी पडतो. म्हणून आधी कलेक्टर, तो पूर्ण वेगात आला की बँड सॉ. बंद करताना उलट, म्हणजे पाइपात भुसा उरत नाही. पावसाळ्यात पिशवी सादळते आणि भुसा तिला आतून चिकटतो. उघडीप मिळाली की ती उन्हात वाळवून झटकावी लागते, नाहीतर ओढ लगेच कमी होते.

जुन्या लाकडात खिळे असतातच. पट्ट्याला खिळा लागून ठिणगी उडाली आणि ती ड्रममधल्या कोरड्या भुशात गेली तर आत तासन्‌तास धुमसत राहू शकते. त्यामुळे चिरण्याआधी प्रत्येक तुकडा तारेच्या ब्रशने घासतो, चुंबक फिरवून बघतो आणि संध्याकाळी ड्रम रिकामा करूनच शेडला कुलूप लावतो. बँड सॉवर लोखंड किंवा ॲल्युमिनियम कापायचं असेल तर कलेक्टर बंद.

नेहमी मदतीला येणारे मिस्त्री म्हणाले, "सर, भुशासाठी एवढं काय करूलालाव? झाडून टाकलं की झालं." पण कोरडा झाडू मारला की बसलेली पूड पुन्हा हवेत, आणि पाणी मारून झाडावं तर जिथे २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणलं, त्या गावात फरशीवर रोज पाणी ओतायला मन होत नाही. खाली पडूच द्यायचं नाही, हे मला सगळ्या बाजूंनी पटतं.

ड्रममधला निव्वळ लाकडाचा भुसा पूर्वी शेगडीत ठासून जाळत. आमच्याकडे तो शेणखतात मिसळून कुजवतो. कच्चा भुसा थेट मातीत घातला तर तो कुजताना नत्र खातो आणि रोपं पिवळी पडतात. प्लाय आणि एमडीएफच्या भुशात डिंक असतो, तो वेगळा काढतो.

राहिलेल्या उणिवा. फळीची कड नुसती खरवडल्यासारखा काप घेतला, म्हणजे पट्ट्याची एक बाजू मोकळी राहिली, की भुसा टेबलावरच उडतो. खालचं तोंड तिथे काही करू शकत नाही. थोडा भुसा पट्ट्याबरोबर फिरून वरच्या चाकापर्यंतही जातो. त्यामुळे एन ९५ मास्क मी अजून लावतोच. पण संध्याकाळी नाक शिंकरल्यावर जे दिसायचं ते आता दिसत नाही आणि सकाळच्या शिंकाही गेल्या.

कलेक्टर घ्यायची ऐपत किंवा जागा नसेल तर घरातला व्हॅक्यूमही चालेल, फक्त तो तळाच्या चार इंची तोंडाला लावू नका. त्याला जोर असतो पण हवा थोडी. अडीच इंची नळीच्या मानाने चार इंची तोंडाचं क्षेत्रफळ अडीच पटींहून जास्त भरतं, तिथे त्याचा जोर पार विरून जातो. टेबलाखालच्या चपट्या तोंडाला लावा आणि मध्ये बादलीचा छोटा सायक्लोन ठेवा, नाहीतर फिल्टर लगेच तुंबेल. नळी तुंबली की पातळ बादली आत चेपते, म्हणून जाड प्लास्टिकची घ्या. इंच-दीड इंच जाडीच्या कामाला एवढं पुरतं. तुळया चिरायच्या असतील तर कलेक्टरला पर्याय नाही.